चारशे मिलिसेकंदांचा हिशेब

१५ ऑगस्ट २०१४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, साउथ विल्यमस्पोर्टच्या मैदानावर लिटल लीग वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धेचा, सामना रंगला होता. फिलाडेल्फियाची तेरा वर्षांची मोने डेव्हिस पिचिंग करत होती, म्हणजे चेंडू टाकत होती, आणि नॅशव्हिलच्या संघातली तिच्याच वयाची मुलं एकामागून एक बॅट घेऊन समोर येत होती. सहाच्या सहा इनिंग तिने एकटीने टाकल्या, आठ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि एकही धाव दिली नाही. या स्पर्धेत असा पराक्रम करणारी ती पहिली मुलगी. तिचा वेगवान चेंडू ताशी ११३ किलोमीटरच्या आसपास जात होता.

क्रिकेट बघत वाढलेल्या मराठी माणसाला ११३ हा आकडा मोठा वाटणार नाही. आपल्याकडे एवढ्या वेगाला मध्यमगती म्हणून सोडून देतात. पण लिटल लीगमध्ये पिचर आणि होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, यांच्यात अंतर असतं ४६ फूट, म्हणजे १४ मीटर. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच, १८.४४ मीटर आहे आणि ते १८९३ पासून बदललेलं नाही. त्रैराशिक मांडून पाहा. १४ मीटरवरून आलेला ११३चा चेंडू बॅटरला जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ १८.४४ मीटरवरून आलेला १४८चा चेंडू देतो. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलांपुढे त्या दिवशी व्यावसायिक खेळाडूंच्या परीक्षेचा पेपर ठेवला होता. फक्त बाकं लहान होती.

हा वेळ किती? पिचर पाऊल पुढे टाकून, हात लांबवून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास आणखी दीड-दोन मीटरने कमी होतो. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू हवेत असतो सुमारे ०.४ सेकंद, म्हणजे चारशे मिलिसेकंद. पापणी मिटून उघडायला शंभर ते चारशे मिलिसेकंद लागतात. अगदी झटकन मिटलेली पापणीसुद्धा चेंडूच्या चार मीटर प्रवासाला मुकवते.

मुलांना बॅटिंग शिकवताना या चारशे मिलिसेकंदांचा हिशेब आधी समजावून द्यावा, असं मला कळकळीने वाटतं. पाय असे ठेव, कोपर तसं ठेव, डोकं हलवू नको, या सूचना मुलाला नुसत्या हुकमांसारख्या ऐकू येतात. त्या प्रत्येक सूचनेमागे वाचवलेले दहा-वीस मिलिसेकंद असतात. ते दिसले की मूल सूचना पाळत नाही, ती स्वतःच मागून घेतं.

तर खर्चाची बाजू बघू. चेंडू हातातून सुटल्याचं दृश्य डोळ्यातून मेंदूपर्यंत पोहोचून उमगायला सुमारे शंभर मिलिसेकंद जातात. तेवढ्यात चेंडू चार मीटर पुढे आलेला असतो. दुसऱ्या टोकाला, तरबेज खेळाडूला बॅट फिरवून चेंडूपर्यंत न्यायला सुमारे दीडशे मिलिसेकंद लागतात. हे दोन्ही खर्च टाळता येत नाहीत. उरले दीडशे. तेवढ्यात चेंडू वेगवान आहे की वळणारा, प्लेटवरून जाणार की बाहेरून, गुडघ्याजवळ येणार की छातीजवळ, आणि मुख्य म्हणजे मारायचा की सोडायचा, हे सगळं ठरवायचं असतं. बॅट निघते तेव्हा चेंडू अजून सहा मीटर लांब असतो. पुढच्या सहा मीटरमध्ये त्याचं काय होणार, हा अंदाज असतो. त्या अंदाजावर बॅट आधीच निघालेली असते.

आता ‘चेंडूवर नजर ठेव’ या सूचनेकडे येऊ. जगातल्या प्रत्येक मैदानावर ती ओरडून दिली जाते. १९८४ मध्ये टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनी बॅटरच्या डोळ्यांची हालचाल मोजली. प्लेटजवळ येताना चेंडू नजरेसमोरून सेकंदाला शेकडो अंश इतक्या वेगाने सरकतो आणि त्याच्यामागे सलग फिरताना माणसाचा डोळा कितीतरी मागे पडतो. त्यांच्या चाचणीतला व्यावसायिक खेळाडूसुद्धा चेंडूचा माग प्लेटच्या साडेपाच फूट अलीकडेपर्यंतच काढू शकला. बॅटला चेंडू लागताना दिसला असं ज्याला वाटतं, त्याची नजर बहुतेक वेळा मध्येच उडी मारून चेंडूच्या आधी तिथे जाऊन बसलेली असते.

म्हणून ती सूचना चुकीची ठरते का? नाही, पण ती अपुरी आहे. मुलाला सांगायला हवं ते असं: चेंडू सुटतो ती जागा बघ. पिचरच्या तोंडाकडे बघत बसू नको. त्याच्या टोपीच्या बाजूला, हात जिथे वर येणार आहे तिथे, एक छोटी खिडकी आहे असं समज आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी नजर त्या खिडकीवर आण. पहिले तीन-चार मीटर नीट दिसले तर पुढचे सहा मीटर मेंदू स्वतः काढतो. सुरुवातच हुकली तर शेवटी डोळे कितीही ताणून उपयोग नसतो.

याचा पुरावा २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात मिळाला. सॉफ्टबॉलपटू जेनी फिंच हिने मेजर लीगमधल्या आल्बर्ट पुहोल्ससारख्या बॅटरला स्ट्राइकआउट केलं. हाच पुहोल्स कारकिर्दीअखेर ७०३ होम रनपर्यंत पोहोचला. सॉफ्टबॉल बेसबॉलपेक्षा मोठा असतो आणि पिचिंगचं अंतर ४३ फूट असल्याने बॅटरला मिळणारा वेळही साधारण मेजर लीगइतकाच असतो. फरक एवढाच की चेंडू खालून येतो. वरून येणाऱ्या हाताचे हजारो नमुने पुहोल्सच्या मेंदूत साठलेले होते, खालून येणाऱ्या हाताचा एकही नव्हता. मोठ्या खेळाडूचे डोळे आणि हात तुमच्याआमच्याहून विजेसारखे वेगवान असतात, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. त्याच्याकडे असते ओळख, आणि ओळख नुसत्या बघण्याने वाढते. आपली पाळी यायची असताना बाकावर बसून गप्पा मारणाऱ्या मुलाची फुकट मिळणारी शिकवणी बुडते.

ओळख किती बघण्यातून येते याचा अंदाज इचिरो सुझुकीच्या लहानपणावरून घेता येईल. जपानमध्ये नागोयाजवळच्या तोयोयामा गावात त्याचे वडील त्याच्याकडून रोज सराव करून घेत. त्याच्या त्या काळाबद्दल जे लिहिलं गेलं आहे त्यात दिवसाला पाचशे चेंडूंचा उल्लेख येतो, अडीचशे यंत्राने टाकलेले आणि अडीचशे वडिलांनी. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी दीड लाख चेंडू होतात. पुढे २००४ मध्ये त्याने मेजर लीगच्या एका मोसमात २६२ हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, मारल्या आणि जॉर्ज सिसलरचा १९२० सालचा २५७चा विक्रम ८४ वर्षांनी मागे टाकला. जपान आणि अमेरिका मिळून त्याच्या हिट ४,३६७ आहेत. तरी मी कुणाच्या मुलाला रोज पाचशे चेंडू खेळवा असं म्हणणार नाही. इचिरोने स्वतःच पुढे सांगितलं आहे की ते बालपण कष्टाचं होतं. लहान मुलाच्या खांद्याला आणि मनालाही मर्यादा असते. रोज पन्नास नीट मारलेले चेंडू वर्षाला पंधरा हजारांच्या वर जातात, तेवढे पुष्कळ आहेत.

यातले निम्मे तरी टीवर मारावेत. टी म्हणजे कमरेएवढ्या उंचीची रबरी नळी, तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. बऱ्याच मुलांना ते बाळबोध वाटतं. मेजर लीगचे खेळाडू मात्र आजही सामन्याआधी टीवर सराव करतात. तिथे चेंडूचा वेग शून्य असतो, त्यामुळे बघण्याचा आणि ठरवण्याचा खर्च उरत नाही आणि सगळं लक्ष बॅट कशी फिरते यावर देता येतं.

बॅट कशी फिरते यात तर आकड्यांची खाणच आहे. नियमाप्रमाणे मेजर लीगची बॅट जास्तीत जास्त ६.६३ सेंटिमीटर जाड असू शकते. चेंडूचा व्यास सुमारे ७.३ सेंटिमीटर. क्रिकेटची बॅट १०.८ सेंटिमीटर रुंद आणि सपाट, इथे चेंडूपेक्षाही बारीक आणि गोल लाकूड. गोलाला गोल भेटताना दोघांच्या मध्यरेषा एक सेंटिमीटरने चुकल्या तरी आघाताची दिशा आठ अंशांनी फिरते. चेंडूच्या थोडं खाली बॅट लागली तर तो उंच आणि लांब जातो, थोडं आणखी खाली लागली तर सरळ डोक्यावर उडून सोपा झेल होतो. बॅटची उत्तम जागा तिच्या टोकापासून साधारण १५ सेंटिमीटरवर असते आणि तीही काही सेंटिमीटरचीच.

वेळेची चूक याहून निर्दय असते. पूर्ण वेगात आलेली बॅट दहा मिलिसेकंदांत सुमारे २५ अंश फिरते. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लवकर झाला तर चेंडू एका बाजूला फाउल, तेवढाच उशीर झाला तर दुसऱ्या बाजूला फाउल.

आणि प्रत्यक्ष टक्कर? ती एक मिलिसेकंदसुद्धा टिकत नाही. एवढ्यात सुमारे १४५ ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने येतो, थांबतो, चपटा होतो आणि ताशी १६० किलोमीटरने उलट निघतो. गणित केलं तर बॅटने चेंडूवर लावलेला सरासरी जोर सव्वा टन वजनाएवढा निघतो, म्हणजे एका मोटारीच्या वजनाइतका. टकरीच्या ऐन मध्यावर तो याच्याही बराच वर जातो. चेंडूला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या आठ हजार पटींहून अधिक असतं. दोन चामडी तुकडे १०८ दुहेरी टाक्यांनी शिवलेल्या त्या चेंडूचं अशा प्रत्येक फटक्यानंतरही शाबूत राहणं मला फार मोठं वाटतं.

या एका मिलिसेकंदातून मुलांसाठी नेमका धडा निघतो. टकरीचा हादरा बॅटमधून मुठीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर चेंडू निघून गेलेला असतो. इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी हे मोजून दाखवलं आहे. त्या क्षणी तुम्ही मूठ किती घट्ट धरली याने चेंडूला काडीचाही फरक पडत नाही. पण आधीपासून आवळलेली मूठ मनगट आणि दंड ताठ करते आणि बॅट सावकाश निघते. म्हणून बॅट तळव्यात न दाबता बोटांत धरायची. दार ठोठावताना वापरतो ती बोटांची मधली पेरं दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली पाहिजेत. पोपट हातात धरावा इतकी पकड पुरे: सुटणार नाही आणि गुदमरणारही नाही.

नेथन यांचंच आणखी एक सूत्र आहे. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटेल यात येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा वाटा एक असेल तर बॅटच्या वेगाचा वाटा सहा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा वेग वापरायला शिकवतात आणि ते तिथे बरोबरच आहे. बेसबॉलमध्ये पुढे सरळ मारायचं असतं, आणि तिथे चेंडूला वेग द्यायचा तो बॅटनेच. २०२४ पासून मेजर लीगमध्ये बॅटरच्या बॅटचा वेग जाहीर होतो. सरासरी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास आहे, तर जियानकार्लो स्टँटन या बॅटरची सरासरी १३० च्या घरात जाते.

एवढा वेग हातातून येत नाही. सुमारे नऊशे ग्रॅमची बॅट दीडशे मिलिसेकंदांत या वेगाला न्यायची तर सरासरी तीन अश्वशक्ती लागते. आपल्याकडे विहिरीवर पाणी उपसायला बसवतात त्या तीन एचपीच्या मोटारीएवढी! दंडाचे स्नायू एवढं देऊच शकत नाहीत, ते मांड्या आणि कमरेतून येतं. शेतात पाखरं हाकताना गोफण फिरवतात ती आठवा. दगडाचा वेग मनगटात नसतो, अंग फिरतं, मग हात आणि सगळ्यात शेवटी दोरी. बॅटचंही तसंच. पुढचा पाय हलकेच टेकतो, कंबर पिचरकडे वळते, खांदे तिच्या मागून येतात, हात त्यांच्याही मागून, आणि बॅट सर्वांत शेवटी. मुलं बहुधा हा क्रम उलटा करतात, आधी हात फेकतात. मग कमरेला काही कामच उरत नाही.

हात लवकर फेकण्याचा दुसरा तोटा फुगडी घालणाऱ्या कुठल्याही मुलीला माहीत असतो. अंग जवळ आणलं की गिरकी वाढते, लांब गेलं की मंदावते. फिरणाऱ्या वस्तूचा बोजा अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर दुप्पट, बोजा चौपट. म्हणून हात छातीजवळून निघावेत आणि चेंडूच्या जवळ गेल्यावरच लांबावेत. याच कारणाने बॅट दोन-अडीच सेंटिमीटर वर धरली तर काट्यावर वजन तेच असूनही ती फिरवण्याचा बोजा आठ-दहा टक्क्यांनी उतरतो. मुलाला ‘वाढत्या अंगाला’ म्हणून मोठी बॅट घेऊन देणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शाळेचा गणवेश एक माप मोठा चालतो, बॅट चालत नाही. अंग घाईने आणि वाकडं वळायला लागतं ते अशा जड बॅटमुळे, आणि ही सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

उभं राहण्याबद्दल फार बोलायला नको. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन किंचित मागच्या पायावर. प्रत्येक मोठा खेळाडू वेगळा उभा राहतो, पण चेंडू मारण्याच्या क्षणाची चित्रं लावली तर सगळे सारखेच दिसतात. जपायचं ते डोकं. पाऊल मोठं टाकलं की डोकं चार-पाच सेंटिमीटर खाली येतं. बॅटची पूर्ण जाडी साडेसहा सेंटिमीटर आहे हे आठवलं म्हणजे त्या पाच सेंटिमीटरची किंमत कळेल. एवढ्याने अंदाज चुकला तर चेंडूला बॅटची नुसती कड लागेल.

बॅट कुठल्या रेषेत फिरवावी यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. वरून खाली मारा, असं पुष्कळ वर्षं शिकवलं गेलं. पण पिचर उंचवट्यावर उभा असतो आणि चारशे मिलिसेकंदांत गुरुत्वाकर्षण चेंडूला पाऊण मीटर खाली ओढू पाहतं, त्यामुळे चेंडू नेहमी उतरत येतो, वेगवान चेंडूसुद्धा पाच-सहा अंशांनी. बॅट तेवढीच वर चढत गेली तर दोघांची रेष काही काळ एक होते आणि वेळेची बारीक चूक पोटात घेतली जाते. मेजर लीगचा नामवंत बॅटर टेड विल्यम्स हे आग्रहाने सांगत असे, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं.

विल्यम्सने आणखी एक गोष्ट करून ठेवली, आणि लहान खेळाडूसाठी मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. त्याने आपल्या पुस्तकात स्ट्राइक झोनचं, म्हणजे चेंडू मारण्याजोगा धरला जातो त्या चौकटीचं, चित्र दिलं. सात चेंडू रुंद, अकरा चेंडू उंच, असे एकूण ७७ चेंडू. प्रत्येक जागी आपली सरासरी किती पडेल ते त्याने लिहिलं. मधल्या आवडत्या जागी .४००, म्हणजे दहात चार हिट, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. माणूस तोच, बॅटही तीच, नुसता चेंडू निवडण्याने एवढा फरक! विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ सरासरी केली. मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती आणि ती .४०० धरली गेली असती. बाकावर बसून राहणं शक्य होतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला आणि आठपैकी सहा हिट मारल्या. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही.

म्हणजे १९४१ पासूनचा या दोन लीगमधला सर्वोत्तम मोसमसुद्धा दहातल्या सहा वेळा अपयशाचा होता. २०२४ मध्ये अख्ख्या मेजर लीगची सरासरी .२४३ होती, चारात जेमतेम एक. बारा वर्षांचा मुलगा चारदा जाऊन तीनदा बाद होऊन रडवेला परत येतो तेव्हा त्याला हा आकडा सांगायला हवा. तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सरासरीनेच खेळला आहे.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. चेंडू कडक असतो. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून गेला, तेव्हा हेल्मेट नव्हतं. आज ते प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हवंच, सरावातसुद्धा. भीतीने मूल पाय बाहेर काढतं आणि मग कमरेचं, डोक्याचं, नजरेचं सगळं शिक्षण वाहून जातं. आधी टेनिसच्या चेंडूने त्याला चेंडू अंगावर घ्यायला शिकवा: हनुवटी छातीला, पाठ पिचरकडे, बॅट खाली. अंग वाचवता येतं हे कळलं की पाय आपोआप जागेवर राहतो.

शेवटचा हिशेब कठड्यापलीकडे बसलेल्यांचा. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत कितीतरी मराठी घरांतली मुलं लिटल लीग खेळतात. भारतातून सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबाही खुर्ची घेऊन मैदानावर जातात. महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, आणि तिथेही पालक येतात. चेंडू सुटला की ‘मार!’ किंवा ‘सोड!’ अशी हाक निघते. तुम्हाला चेंडू दिसून तोंडातून शब्द निघायला कमीत कमी दोनशे मिलिसेकंद जातात. वीस मीटरवरून तो आवाज मुलाच्या कानापर्यंत पोहोचायला आणखी साठ. तो ऐकून अंगाने हालचाल सुरू करायला दीडशे. बेरीज चारशे दहा. चेंडू तेव्हा कॅचरच्या हातमोज्यात असतो. म्हणून विनंती एवढीच: चेंडू सुटल्यावर गप्प बसा, आणि जे सांगायचं असेल ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, टीपाशी, सावकाश सांगा.